वजन कमी करण्यासाठी ॲक्युप्रेशर आणि साउंड थेरपी

अंगावरच्या ठराविक जागा अंगठ्याने, लाकडी जिमीने (बिंदू दाबायची छोटी दांडी) नाहीतर चिकटवलेल्या बीने दाबायच्या, सोबत धातूच्या वाडग्याचा नाद ऐकायचा किंवा स्वतः गुणगुणायचं, म्हणजे भूक आटोक्यात येते आणि वजन उतरतं, असं मानणारी ही पर्यायी उपचारांची जोडगोळी. दोन्ही गोष्टी मुळात वेगवेगळ्या गावच्या, हल्ली वेलनेस सेंटरवाले त्या एकाच पॅकेजमध्ये देतात. आधीच सांगून टाकतो, चरबी दाबून वितळत नाही आणि गाणं ऐकवूनही वितळत नाही, एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात आणि त्या कुठेतरी खर्चच व्हाव्या लागतात. पण म्हणून सगळंच थोतांड म्हणून निकालात काढता येत नाही, कारण हात आणि तोंड यांच्यामध्ये जो एक क्षण असतो ना, बशीतली दुसरी भजी उचलायच्या आधीचा, तिथे या गोष्टी थोडंफार काम करत असाव्यात असं मला वाटतं.

पॉइंट आले कुठून

मूळ चिनी वैद्यकात. शरीरात 'ची' नावाची शक्ती १४ मुख्य वाहिन्यांतून फिरते आणि त्या वाहिन्यांवर ३६१ बिंदू आहेत अशी मांडणी, जागतिक आरोग्य संघटनेनेही बिंदूंची नावं आणि जागा ठरवताना हाच आकडा धरलाय. आता या वाहिन्या शवविच्छेदनात कोणाला सापडलेल्या नाहीत, तो नकाशा आहे, नस किंवा रक्तवाहिनी नाही. बिंदूवर सुई टोचली की ॲक्युपंक्चर, बोटाने दाबलं की ॲक्युप्रेशर. जपानमध्ये यातूनच शिआत्सु हा बोटांनी-तळव्यांनी दाबायचा प्रकार निघाला आणि कोरियाच्या पार्क जे वू यांनी सगळं शरीर तळहात-तळपायावर बसवून सुजोक काढलं, जे आपल्याकडे मेथीदाणे आणि मूग चिकटवणाऱ्यांमुळे घरोघर माहीत आहे.

भारतात सुयांचं शास्त्र यायला एक मराठी धागा आहे. १९३८ साली चीनला जे पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते हे शाळेत शिकलेलो असतो, त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू १९५० च्या दशकाच्या शेवटी पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. महाराष्ट्रात तर ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. ॲक्युप्रेशर मात्र कायद्यापेक्षा बागेतल्या गोट्यांच्या ट्रॅकवरून आणि प्रदर्शनात मिळणाऱ्या काटेरी चपलांवरून जास्त पसरलं.

वजनासाठी दाबतात ते बिंदू

सगळ्यात लाडका म्हणजे झुसानली, जठराच्या वाहिनीवरचा ३६ वा. शोधायचा असा: गुडघा वाकवून बसा, वाटीच्या खाली बाहेरच्या अंगाला जो खळगा लागतो तिथून आपलीच चार बोटं आडवी खाली ठेवा, मग नडगीच्या हाडापासून एक बोट बाहेरच्या बाजूला सरका, दाबल्यावर बोथट दुखतं ती जागा. चार बोटं म्हणजे तीन 'त्सुन', अंगठ्याच्या पेराची रुंदी म्हणजे एक त्सुन, आणि माप नेहमी पेशंटच्या स्वतःच्या बोटाचं, म्हणजे उंच माणसाची आणि बुटक्याची जागा आपोआप जुळते, हे मला फार हुशारीचं वाटतं. आतल्या घोट्याच्या वर चार बोटं सानयिनजियाओ, बेंबीच्या वर चार त्सुनांवर झोंगवान, मनगटाच्या घडीपासून दोन त्सुनांवर नेइगुआन. शेवटचा खरं म्हणजे मळमळीसाठी प्रसिद्ध आहे, गाडी लागणाऱ्यांचे मनगटी पट्टे तिथेच दाबतात.

कान

वजनाच्या बाबतीत खरा भाव खातो तो कान. १९५० च्या दशकात फ्रान्समधल्या लिऑनच्या पॉल नोझिए या डॉक्टरांना काही पेशंटच्या कानावर डाग दिलेल्या खुणा दिसल्या, सायटिकासाठी कोणीतरी गावठी उपचार केला होता आणि पेशंट म्हणत होते बरं वाटलं. त्यावरून त्यांनी कानाचा नकाशाच मांडला: कान म्हणजे उलटं झोपलेलं बाळ, पाळी म्हणजे डोकं. चिनी लोकांनी तो लगेच उचलला आणि आपले बिंदू त्यात भरले. म्हणजे 'हजारो वर्षांचं प्राचीन कर्णशास्त्र' म्हणून आज जे विकतात त्यातला मुख्य नकाशा आपल्या आजोबांच्या तरुणपणातला आणि फ्रेंच आहे.

कानाच्या भोकासमोर गालाच्या बाजूला जो कुर्चेचा छोटा उंचवटा असतो तिथे 'भुकेचा पॉइंट' धरतात, वरच्या त्रिकोणी खळग्यात मन शांत करणारा शेनमेन, आणि मधल्या वाटीत जठर. चिकटपट्टीच्या इवल्याशा चौकोनात एक काळी गोल बी (चीनमध्ये व्हॅकेरिया नावाच्या झाडाची, आपल्याकडे मेथीवर भागवतात) ठेवून ती कानाला लावतात, काही दिवस ठेवतात आणि जेवणाआधी किंवा खा-खा सुटली की अर्धा-एक मिनिट दाबायला सांगतात. यात एक शारीरिक आधार दाखवता येतो तो म्हणजे कानाच्या वाटीत व्हेगस या मज्जातंतूची फांदी येते आणि व्हेगसचा पोटाशी संबंध आहेच, पण तिथे मेथी दाबल्याने भूक किती हलते हा वेगळाच प्रश्न.

अभ्यास झालेत, बरेचसे छोटे आणि थोड्या आठवड्यांचे. मोठी अडचण ही की खोटं औषध म्हणून साखरेची गोळी देता येते, खोटा दाब कसा द्यायचा? चुकीच्या जागी दाबलं तरी माणूस थांबतो, लक्ष देतो, घास लांबतो. शिवाय सेंटरवाले बीसोबत डाएटचा कागदही देतात, मैदा बंद, रात्रीचं जेवण लवकर, मग उतरलेल्या वजनाचं श्रेय मेथीला द्यायचं की कागदाला. अमेरिकेत ओरेगनमध्ये टॅपस ॲक्युप्रेशर नावाच्या प्रकारावर चाचणी झाली, आधी वजन उतरवलेल्या लोकांना ते टिकवायला मदत होते का बघायला, २०१२ साली निकाल छापला, एकमेकांना आधार देणाऱ्या गटाच्या तुलनेत ठोस फरक दिसला नाही.

साउंड थेरपी

हिमालयातले धातूचे वाडगे कडेने घासले की घुमतात, अंगावर ठेवले तर थरथर हाडापर्यंत जाणवते, छान झोप लागते. पण 'तिबेटी लामांची चरबी उतरवणारी विद्या' वगैरे काही नाही, वाडग्यांचं थेरपी म्हणून आजचं रूप १९७० नंतर पाश्चात्त्य देशांत घडलं. ५२८ हर्ट्झचे 'फॅट बर्न' ऑडिओ तर त्याहून पुढचे, हेडफोन लावून आडवं पडल्यावर जेवढ्या कॅलरी जळायच्या तेवढ्याच जळतात.

गुणगुणण्याचं जरा वेगळं आहे. स्वीडनमधल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवलं की गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारं नायट्रिक ऑक्साइड (एक वायू) शांत श्वासाच्या सुमारे १५ पट होतं. हे आपल्या भ्रामरीच्या बाजूने लगेच सांगितलं जातं आणि ते ठीकही आहे, फक्त त्यात वजनाचा संबंध नव्हता, सायनसचा होता.

आवाज आणि खाणं यांचा मला सगळ्यात पटलेला प्रयोग कुठल्याच थेरपीवाल्याचा नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या रायन एल्डर आणि जीना मोर यांनी लोकांना हेडफोन लावून कुरकुरीत प्रेट्झेल खायला दिले, प्रेट्झेल म्हणजे आपल्या चकलीचा बेकरीतला लांबचा भाऊ म्हणा. हेडफोनमध्ये मोठा आवाज असलेल्यांनी सरासरी ४ खाल्ले, कमी आवाजवाल्यांनी २.७५, कारण त्यांना स्वतःच्या दातांचा कुर्रकुर्र ऐकू येत होता. म्हणजे टीव्हीवर मालिका मोठ्याने लावून चिवड्याचा डबा मांडीवर घेतला की डबा संपतो तो का, याचं थोडंफार उत्तर इथे आहे, आणि ही साउंड थेरपी फुकट आहे, रिमोटवरच्या एका बटणाची.

सांभाळायच्या गोष्टी

सानयिनजियाओ आणि अंगठा-तर्जनीमधला हेगु हे बिंदू गरोदरपणात दाबू नयेत असं परंपराच सांगते. शुगरमुळे पाय बधिर झालेल्यांनी काटेरी रोलर-चपला टाळाव्यात, जखम झालेली कळत नाही. कानात सुई ठेवून देण्यापेक्षा बी बरी, कारण कुर्चेला रक्तपुरवठा कमी असतो आणि तिथलं इन्फेक्शन कान वाकडा करून जातं. वजन अचानक वाढलं असेल तर आधी थायरॉइड तपासून घ्यावं.

जाहिरातींबद्दल: १९५४ च्या औषधे व जादुटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यात ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला मनाई आहे त्या यादीत लठ्ठपणा आहे, आणि 'जादूचा उपाय' या व्याख्येत ताईत आणि कवचाच्या रांगेत मंत्रही बसवलेला आहे. पोट कमी करणारा मंत्र ९९ रुपयांत विकणाऱ्यांनी ती यादी बहुधा वाचलेली नसते.