टोफू आधी, पाला शेवटी

पहिल्यांदा टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, केला तेव्हा पाकीट कापलं, वरचं पाणी ओतून दिलं, तुकडे केले आणि तेल तापल्यावर सगळे एकदम कढईत लोटले. लगोलग त्यावर चिरलेला पालक. दहा मिनिटांनी जे तयार झालं त्याला भाजी म्हणायला जीभ रेटेना. तळाला चिकटलेली पांढरी साल, वर फुटके तुकडे आणि भोवती मळकट हिरवं पाणी. चव मिठाची, तीही फक्त त्या पाण्याला. मसाला बदलून पाहिला, तेल वाढवून पाहिलं, काही उपयोग झाला नाही. घोटाळा पाण्याचा आहे हे ध्यानात यायला बराच टोफू वाया गेला.

टोफू दिसतो घट्ट, पण वजनात मुख्यतः पाणीच असतो. घट्ट टोफूत साधारण 70 ते 80 टक्के, तर चमच्याने खरवडावा लागतो अशा सिल्कन टोफूत 90 टक्क्यांच्या आसपास. इतकं पाणी असून तो वाहत कसा नाही, हे कळायला त्याची घडण बघावी लागते.

भिजवलेलं सोयाबीन वाटून, गाळून जे दूध निघतं ते आधी चांगलं उकळतात. कच्च्या सोयाबीनमध्ये आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी प्रथिनं असतात, ती उकळल्याने निकामी होतात. (म्हणून टोफू हा मुळात शिजलेलाच पदार्थ. कढईत आपण त्याला फक्त रंग, रूप आणि चव देतो.) उकळण्याचा दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. ग्लायसिनिन आणि बीटा-कॉन्ग्लायसिनिन ही सोयाबीनची दोन मुख्य प्रथिनं लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली असतात, ती उष्णतेने उलगडतात. पण त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्यामुळे ती एकमेकांना दूर ढकलत राहतात. मग दुधात एक क्षार घालतात. तो असतो कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्सम, नाहीतर मॅग्नेशियम क्लोराइड. हा दुसरा मुख्यतः निगारीत असतो. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून घेतल्यावर जे कडवट पाणी उरतं, ती निगारी. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोघांवर दोन-दोन धन भार. एका हाताने एक प्रथिन धरायचं, दुसऱ्या हाताने दुसरं. बघता बघता जाळं विणलं जातं आणि पाणी त्यात अडकतं. हे साकळलेलं दूध फडक्यात बांधून वजनाखाली ठेवलं की झाला घट्ट टोफू.

सिल्कन टोफूत बहुतेक वेळा वेगळी युक्ती असते. ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन नावाचं द्रव्य गार दुधात मिसळून डबा बंद करतात. गरम केलं की ते हळूहळू आम्लात बदलतं आणि दूध डब्यातच सगळीकडे सारखं घट्ट होतं. तो कधी पिळलेलाच नसतो. आपण वजन ठेवून पाणी काढू गेलो तर हाती लगदा येतो. परतायला तो घेऊच नये. रश्श्यात अलगद सोडायला उत्तम.

आता कढईकडे. टोफूला खरपूस रंग येतो तो प्रथिनातली अमिनो आम्लं आणि साखर यांच्या संयोगातून. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लुई-कामिय मेलार्ड यांनी 1912 मध्ये या अभिक्रियेचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे. तिला वेग येतो तो साधारण 140 अंश सेल्सिअसच्या पुढे. आणि पृष्ठभाग ओला आहे तोवर तिथलं तापमान 100 अंशांवर अडकून बसतं, खाली आच कितीही मोठी करा. खोलीच्या तापमानाचं 1 ग्रॅम पाणी उकळीपर्यंत आणायला सुमारे 335 ज्यूल उष्णता लागते. तेवढ्याच पाण्याची पुढे वाफ करायला 2,257 ज्यूल. जवळजवळ सातपट! तुकडे कढईत पडले की आच आधी हे देणं फेडत बसते. देणं फिटेपर्यंत टोफू तळला जात नाही, वाफवला जातो.

म्हणून पाण्याला कढईत पडण्याआधीच वाट करून द्यायची. 200 ग्रॅमची वडी फडक्यात गुंडाळून, वर जड भांडं ठेवून वीस-पंचवीस मिनिटांत 30 ग्रॅम पाणी निघालं असं धरू. तेच पाणी आचेवर उडवायला सुमारे 78 किलोज्यूल लागले असते. म्हणजे कढईला 1 किलोवॅट उष्णता मिळत असेल तर सव्वा मिनिट ती केवळ यासाठी राबली असती. सव्वा मिनिट ऐकायला थोडं वाटतं, पण तेवढ्यात तेलाचा ताव उतरतो, आणि ताव उतरला की टोफू चिकटतो.

दुसरी रीत ऐकायला उफराटी आहे. तुकड्यांवर कडकडीत मिठाचं पाणी ओतायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं, मग निथळून कोरडे करायचे. पाणी काढायला पाणीच? पण उष्णतेने प्रथिनांचं जाळं आवळतं आणि आतलं पाणी बाहेर लोटतं. तुकडे निथळताना गरम असल्यामुळे वरचा ओलावाही भरभर उडतो. शिवाय मीठ लागतं ते वेगळंच. मला हीच रीत जास्त आवडते, वजनाखाली वडीच्या कडा तुटतात म्हणून.

कढईत तुकडे सुटे सुटे ठेवले की कान द्यायचा. सुरुवातीची जोरदार चरचर म्हणजे पाण्याची वाफ. या वेळी तुकडा उलटायला गेलात तर खालची साल तळालाच राहते, कारण ओली प्रथिनं तापलेल्या धातूला घट्ट धरतात. तीन-चार मिनिटांनी चरचर बसते, बुडबुडे बारीक होतात. उलथनं हलकेच घातलं की तुकडा आपणहून सुटतो आणि खालून सोनेरी निघतो. पृष्ठभाग वाळून त्याचं कवच झालेलं असतं, त्यामुळे धातूची पकड सुटते. आधी चमचाभर मक्याचं पीठ भुरभुरलं असेल तर ते उरलासुरला ओलावा पिऊन फुगतं आणि वाळल्यावर आणखी कुरकुरीत पापुद्रा देतं. तुकडे गर्दी करून टाकले तर एकाची वाफ दुसऱ्याला भिजवते. हा मोह मला अजूनही आवरत नाही.

मुरवण्याबद्दल मात्र माझं मत बऱ्याच पाककृतींपेक्षा वेगळं आहे. टोफू रात्रभर मसाल्यात ठेवा, चव आतपर्यंत जाते, असं छापलेलं असतं. जाळ्यातली जागा आधीच पाण्याने भरलेली असताना चव जाणार कुठे? मीठ हळूहळू पाझरतं. तेल आणि तेलात विरघळणारे सुगंध पृष्ठभागावरच थांबतात. जागा करायचीच असेल तर टोफू गोठवावा. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं, स्फटिक जाळं फाडून स्वतःपुरत्या खोल्या करतात आणि प्रथिनं त्यांच्या मधल्या भिंतींत दाटून बसतात. बर्फ वितळला की त्या खोल्या रिकाम्या. वडी तळव्यांत धरून दाबली की पाणी भळाभळा निघतं, आणि मग ती स्पंजासारखी रस्सा ओढते. जपानमध्ये असा गोठवून वाळवलेला टोफू कोया-दोफू या नावाने खातात. पोत अर्थात पार बदलतो. लुसलुशीत टोफू आवडणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

सोया सॉस टोफूला इतका का शोभतो, याचं उत्तरही गमतीचं आहे. दोन्ही एकाच दाण्याचे. टोफूत प्रथिनं अखंड राहतात आणि अखंड प्रथिनाला जवळपास चव नसते. सॉसमध्ये बुरशीच्या विकरांनी तीच प्रथिनं तोडलेली असतात, त्यातून सुटं ग्लुटामेट हे चवदार अमिनो आम्ल मिळतं. टोकियोचे रसायनतज्ज्ञ किकुनाए इकेडा यांनी 1908 मध्ये समुद्रशेवाळातून वेगळं काढून ज्या चवीला उमामी म्हटलं, ती हीच.

पालेभाजीचं गणित याच्या नेमकं उलट. तिला वेळ द्यायचा नाही. पालकात पाणी 90 टक्क्यांहून जास्त, आणि पेशींच्या मधे बरीच हवा. उकळत्या पाण्यात पान टाकून नीट पाहा. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते ताज्यापेक्षाही गडद, झळझळीत हिरवं होतं. पेशींमधली हवा निघून गेलेली असते आणि तिच्यामुळे आलेला फिकट धुरकटपणा नाहीसा होतो. याच क्षणी थांबायचं असतं. पुढे पेशी फुटून आतली आम्लं मोकळी होतात. हरितद्रव्याच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. आम्लातला हायड्रोजन त्याला उठवून त्याची जागा घेतो आणि रंग शेवाळी, मग तपकिरी होतो. टोफू साकळवणारं मॅग्नेशियम आणि पान हिरवं ठेवणारं मॅग्नेशियम एकच, हे कळल्यापासून मला या जोडीबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते.

झाकण ठेवलं की उडून जाऊ शकणारी आम्लं पुन्हा भाजीतच उतरतात, म्हणून पाला उघड्यावर परतावा. लिंबू, टोमॅटो, व्हिनेगर शेवटी. चिमूटभर खायचा सोडा रंग राखतो खरा, पण पानाचा चिखल करतो आणि क व ब1 या जीवनसत्त्वांचीही वाट लावतो. तो नकोच. गाजर, कोबी, मशरूम यांचं फार काही सांगण्यासारखं नाही: कडक ते आधी, कोवळं ते नंतर. मशरूमना मात्र स्वतःचं पाणी सोडून ते आटवायला मोकळी जागा आणि वेळ लागतो, त्यांना वेगळंच परतावं.

आता ती प्रसिद्ध भीती. पालकात ऑक्झॅलेट (पानांत मुळातच असणारं, कॅल्शियमला धरून ठेवणारं द्रव्य), टोफूत कॅल्शियम. दोघं एकत्र आले की कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे होतात, म्हणून ते एका ताटात नकोत. रसायनशास्त्र बरोबर आहे, फक्त ठिकाण चुकलंय. मुतखडा तयार होतो मूत्रपिंडात, आणि तिथे पोचायला ऑक्झॅलेट आधी आतड्यातून रक्तात जावं लागतं. कॅल्शियमशी त्याची गाठ आतड्यातच पडली तर न विरघळणारा क्षार बनतो आणि शौचावाटे निघून जातो. म्हणजे टोफू इथे पहारेकरी ठरतो. वजनाचा हिशेब केला तर 1 मिलिग्रॅम कॅल्शियम सुमारे 2.2 मिलिग्रॅम ऑक्झॅलेटला बांधतं. 100 ग्रॅम कच्च्या पालकात ऑक्झॅलेट साधारण अर्धा ते एक ग्रॅम असतं, आणि जिप्सम घालून केलेल्या तेवढ्याच घट्ट टोफूत कॅल्शियम 350 मिलिग्रॅमपर्यंत असू शकतं. निगारीच्या टोफूत ते बरंच कमी, म्हणून पाकिटावरची घटकांची यादी वाचावी.

कॅल्शियम खाल्ल्याने खडे होतात ही समजूत डॉक्टरांमध्येही एके काळी पक्की होती. 1993 मध्ये 45,000 हून जास्त पुरुषांच्या चार वर्षांच्या पाहणीत, आहारातून जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना मुतखडे कमी झाल्याचं दिसलं. 2002 मध्ये इटलीत, वारंवार खडे होणाऱ्या 120 पुरुषांची पाच वर्षांची चाचणी प्रसिद्ध झाली. कॅल्शियम तोडलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्या 60 जणांपैकी 12 जणांना.

एक खोट मात्र आहे. पालकाला बांधलेलं कॅल्शियम आपल्या हाडांनाही मिळत नाही. पालकातल्या स्वतःच्या कॅल्शियमपैकी जेमतेम 5 टक्के अंगी लागतं, तर दुधातल्यापैकी साधारण 30 टक्के. कॅल्शियमसाठीच टोफू खात असाल तर जोडीला केल, पाक चोय, कोबी असा ऑक्झॅलेट कमी असलेला पाला बरा. पालकच हवा असेल तर तो भरपूर उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून पाणी फेकून द्यावं. 2005 च्या एका अभ्यासात वेगवेगळ्या भाज्या उकळल्यावर त्यांतलं विद्राव्य ऑक्झॅलेट 30 ते 87 टक्क्यांनी घटलं होतं, वाफवल्यावर त्याहून कमी. भरपूर पाण्यात पानातली आम्लंही पातळ होतात, त्यामुळे रंग टिकतो. थोडं क जीवनसत्त्व आणि फोलेट त्या पाण्याबरोबर जातं, तेवढं सोसायचं. ज्यांना आधी मुतखडा झालाय त्यांनी पालक किती खावा हे डॉक्टरांनाच विचारावं.

तर क्रम असा. टोफू परतून बाजूला काढायचा. त्याच कढईत लसूण, मग कडक भाज्या, मग वेगळे परतून घेतलेले मशरूम. उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळलेला पाला सर्वांत शेवटी, मिनिटभर. टोफू परत आत, वरून सॉस, दोनदा उलटापालट, आच बंद. लिंबू त्यानंतर. उशिरा घातल्याने रंग वाचतो आणि लिंबामुळे टोफू-पाल्यातलं लोहही जास्त शोषलं जातं. वनस्पतीतलं लोह एरवी सहज अंगी लागत नाही, क जीवनसत्त्व त्याला विरघळलेल्या रूपात टिकवून धरतं.

उरलं तर डबा झाकून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी लिंबाने पाला शेवाळी झालेला असतो, कुरकुरीतपणा गेलेला असतो. पण एक तुकडा मधोमध कापून बघा, रात्रभरात मीठ अगदी गाभ्यापर्यंत पोचलेलं असतं. आमच्याकडे शिळ्या टोफूवरून भांडणं होतात, ताज्यावरून अजून तरी झालेली नाहीत.