आघातानंतरची वाढ आणि माजी सैनिकांचं एकटेपण

युद्धात मरणाच्या दारातून परत आलेल्या काही सैनिकांमध्ये पुढे जो चांगला बदल दिसतो त्याला मानसशास्त्रात आघातोत्तर वाढ म्हणतात. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली आणि १९९६ मध्ये ती मोजायला २१ प्रश्नांची प्रश्नावली काढली, म्हणजे स्वतःवरचा भरवसा वाढला का, माणसं जवळची वाटतात का, जगण्याची किंमत कळली का वगैरे. उत्तरं अर्थात ज्याची त्यानेच द्यायची, त्यामुळे खरी वाढ किती आणि मनाची समजूत किती हा वाद आहेच.

आता वाढ झाली म्हणजे माणूस बरा झाला असं वाटेल, पण तसं नाहीये. इस्रायलमध्ये १९७३ च्या योम किप्पूर युद्धातल्या युद्धकैद्यांचा झहावा सोलोमन आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला, तर कैदेत न गेलेल्या सैनिकांपेक्षा यांच्यात पीटीएसडी (म्हणजे आघातानंतर मागे उरणारा मानसिक विकार) पण जास्त आणि वाढ पण जास्त निघाली. दोन्ही एकाच माणसात! एकटेपणाचंही तेच, घरात बायको-पोरं आहेत, पाहुणेरावळे विचारपूस करतात, पण जे भोगलं ते सांगायचं कुणाला, ऐकणारा तिथे नव्हताच ना, मग "जाऊ दे" म्हणून विषय बंद.

व्हिएतनाममधल्या अमेरिकन कैद्यांनी कोठडीतच यावर मार्ग काढला होता. पाच ओळी, पाच रकाने, त्यात इंग्रजी अक्षरं (के गाळलेलं, त्याच्या जागी सी), भिंतीवर आधी ओळीच्या टकटक मग रकान्याच्या, असं अक्षर-अक्षर जोडत शेजारच्या कोठडीशी गप्पा. बोललेलं कळलं तर मार पडायचा, तरी बोलायचे.

आपल्याकडे मुरलीकांत पेटकरांचं उदाहरण घ्या. मूळचे बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली लुळे पडले, उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं गोल्ड घेऊन आले, भारताचं पहिलं. पुण्यात खडकीला अशा जायबंदी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, तिथे बाकी सगळेच व्हीलचेअरवर असल्याने "काय झालं हो तुम्हाला" हा प्रश्नच येत नाही, आणि मला वाटतं निम्मं काम तिथेच होतं. बाहेरच्या जगाचं म्हणाल तर पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.