रस्त्यावरील बेघरांचे पुनर्वसन (मराठवाडा)

उघड्यावर राहणाऱ्या निराधार माणसाला निवारा, उपचार, ओळख आणि शक्य असेल तर आपली माणसे परत मिळवून देण्याचे काम. एखाद्याला गाडीत घालून आश्रमात सोडून येणे म्हणजे पुनर्वसन नव्हे.

मराठवाड्यात असे लोक नांदेड, परभणी, पूर्णा या रेल्वे स्थानकांवर आणि तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ अशा देवस्थानांभोवती दिसतात. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पोटभर जेवण मिळते. औषध, कागदपत्रे आणि रात्रीचे छप्पर मात्र मिळेलच असे नाही. मनोविकार, दारू, म्हातारपण, नवऱ्याने टाकणे अशी कारणे बहुधा एकात एक गुंतलेली असतात.

कामाची सुरुवात ओळखीने होते. रोज ठरल्या वेळी चहा द्यावा, शेजारी बसावे, माणूस तयार झाला की जखम धुवावी. उशाशी घेतलेल्या बोचक्याला हात लावू नये. त्यात चिंध्या असतील, रिकाम्या बाटल्या असतील, पण त्याचा सगळा संसार तोच असतो. घाण म्हणून ते फेकले की महिनाभर जमवलेला विश्वास एका क्षणात जातो. बाईच्या केसांत जट असेल तर ती देवीची समजली जाते. तिला न विचारता कात्री लावणे हीसुद्धा जबरदस्तीच. गावाचे नाव आठवत नसले तरी ‘तुमच्याकडं बाजार कोणत्या वारी भरतो?’ या प्रश्नाला उत्तर येते, आणि त्यावरून कधी तालुक्यापर्यंत पोहोचता येते.

भीक मागणाऱ्याला डांबून ठेवण्याची तरतूद १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ची दिशा वेगळी आहे. भटकणारा मनोरुग्ण स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर पोलिसांनी त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत तपासणीसाठी न्यायचे असते. कोठडीत ठेवायचे नसते. त्याच्या कुटुंबाचा शोध घेणेही पोलिसांचेच काम.

राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे, म्हणजे सगळी मराठवाड्याबाहेर. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरची घाटी (तिथले सरकारी रुग्णालय) आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मनोविकार विभागांचे मोल इथे फार मोठे आहे.

खरी कसोटी घरी पोहोचल्यावर लागते. गोळ्या सुटल्या की आजार उलटतो आणि माणूस पुन्हा गाडीत बसून निघून जातो. म्हणून निरोप देताना महिन्याच्या औषधासोबत पुढच्या तपासणीची तारीख आणि गावातल्या आशाताईंचा नंबर घरच्यांच्या हाती द्यावा लागतो. मजुरी बुडवून जिल्ह्याला जायचे तर एसटीच्या भाड्याचीही सोय पाहावी लागते.