आवाज प्लगइनपर्यंत कसा पोचला

इक्वलायझर (आवाजाच्या पट्ट्या कमी-जास्त करणारा), कम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा), रिव्हर्ब (घुमारा देणारा), गोंगाट काढणारे फिल्टर असे प्लगइन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडून चालणारे छोटे प्रोग्रॅम, आज संगणकावरच्या जवळजवळ कुठल्याही आवाजावर बसवता येतात. ब्राउझरमध्ये वाजणारं गाणं असो, मीटिंगमध्ये समोरून येणारं बोलणं असो की आपला स्वतःचा माइक. जन्माला आले तेव्हा मात्र हे प्लगइन स्टुडिओ सॉफ्टवेअरच्या उंबऱ्याच्या आतच होते. तिथून बाहेर पडायला त्यांना बरीच वर्षं लागली. आवाज घडवण्याचं गणित तोवर सुटलेलं होतं. घोडं अडत होतं ते आवाज एका प्रोग्रॅममधून काढून दुसऱ्यात नेण्यापाशी. आजही एखादा सेटअप बिघडला की प्लगइनला दोष दिला जातो, पण पाणी मुरत असतं ते बहुधा वाटेत. म्हणून हा इतिहास प्लगइनचा जितका आहे, त्याहून जास्त त्या वाटेचा आहे.

१९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साध्या संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला चालू आवाजावर इक्वलायझर लावणंही झेपत नव्हतं. व्यावसायिक स्टुडिओत मॅकिंटॉशमध्ये डिजिडिझाइन कंपनीची कार्डं बसवलेली असत आणि आकडेमोड त्या कार्डांवरच्या मोटोरोलाच्या सिग्नल प्रोसेसर चिप करत. वेव्ह्ज कंपनीचा दहा बँडचा क्यू१० इक्वलायझर याच काळातला, विकत मिळणाऱ्या पहिल्या ऑडिओ प्लगइनपैकी एक. आवाजाची ने-आण कार्डावरच होई, त्यामुळे वाटेचा प्रश्न नव्हता. प्रश्न पैशांचा होता. आणखी प्लगइन हवे असतील तर आणखी कार्ड घ्यावं लागे.

१९९६मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने मॅकिंटॉशसाठी क्युबेस व्हीएसटी हे स्टुडिओ सॉफ्टवेअर आणलं आणि काम मुख्य प्रोसेसरवर आलं. सोबत मोजकेच इफेक्ट होते, पण कंपनीने प्लगइन लिहिण्याची पद्धत, तीही व्हीएसटी याच नावाची, बाहेरच्यांनाही खुली केली. त्या निर्णयाला या इतिहासात सगळ्यात जास्त महत्त्व द्यायला हवं. पद्धत अगदी साधी होती. ज्या प्रोग्रॅममध्ये प्लगइन बसतो तो होस्ट. होस्ट आवाजाच्या नमुन्यांचा, म्हणजे सॅम्पलचा, एक गठ्ठा प्लगइनच्या हातात देतो. प्रत्येक सॅम्पल उणे १ ते अधिक १ यांमधली दशांश संख्या असते. प्लगइन तो गठ्ठा बदलून परत करतो. त्याच्या प्रत्येक बटणाची किंमत होस्टच्या लेखी ० ते १ यांमध्ये असते, मग पडद्यावर ती हर्ट्झमध्ये दिसो की डेसिबलमध्ये. एवढ्यावर एकटा माणूसही घरी बसून इफेक्ट लिहू लागला.

या साधेपणाची किंमतही होती. प्लगइन होस्टच्याच मेमरीत चालतो, त्यामुळे तो कोसळला की होस्टही कोसळतो. शिवाय वेळेचं बंधन कडक असतं. सेकंदाला ४८,००० सॅम्पल असा दर आणि २५६ सॅम्पलचा बफर, म्हणजे एका वेळचा गठ्ठा, असेल, तर ५.३ मिलिसेकंदांत साखळीतल्या सगळ्या प्लगइनचं काम उरकलंच पाहिजे. एकदाही उशीर झाला की कट्‌ असा आवाज येतो. बफर १,०२४ केला तर सवड २१.३ मिलिसेकंदांची मिळते, पण तेवढाच उशीर कानालाही जाणवतो आणि हेडफोन लावून गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागून ऐकू येतो.

त्या काळातली एक अडचण मुद्दाम सांगण्यासारखी आहे, कारण तिने अनेकांना चकवलं. गाणं थांबल्यावर, सगळं शांत झाल्यावर, प्रोसेसरवरचा भार अचानक वाढायचा. रिव्हर्बची शेपटी विरत जाते तशा संख्या शून्याच्या इतक्या जवळ जातात की प्रोसेसरला त्या नेहमीच्या रीतीने हाताळता येत नाहीत. तो संथ मार्गाने आकडेमोड करतो. पेंटियम ४वर हा फटका विशेष बसायचा. उपाय दोन: अशा संख्यांना सरळ शून्य मानायला प्रोसेसरला सांगायचं, किंवा आवाजात कानाला न कळेल इतका बारीक गोंगाट मिसळायचा. जुना प्लगइन आजही शांततेत प्रोसेसर खात असेल, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

१९९७मध्ये स्टाइनबर्गनेच एएसआयओ ही ड्रायव्हरची, म्हणजे साउंड कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, पद्धत आणली. तिने विंडोजचा मिक्सर पूर्ण टाळून साउंड कार्डाशी थेट बोलायची सोय केली. उशीर कमी झाला, पण त्याबरोबर दोन जगं वेगळी पडली: एका बाजूला स्टुडिओ सॉफ्टवेअर आणि एएसआयओ, दुसऱ्या बाजूला बाकीचा सगळा संगणक. व्हीएसटी प्लगइन पहिल्या जगात राहिले.

दुसऱ्या जगातल्या लोकांनी आपली सोय विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये शोधली. त्यात आवाज बदलणारे डीएसपी प्लगइन लावता येत आणि बास वाढवण्यासाठी किंवा गाण्याचा वेग बदलण्यासाठी ते खूप वापरले गेले. मात्र विनॅम्प एका वेळी एकच असा प्लगइन घ्यायचा. दोन हवे असतील तर आधी ‘अनेक प्लगइन पोटात घेणारा प्लगइन’ बसवावा लागे. आणि परिणाम फक्त विनॅम्पमध्ये वाजणाऱ्या आवाजावर, शेजारच्या खिडकीतल्या चित्रपटावर नाही.

विंडोज ९८पासून एक्सपीपर्यंत सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करण्याचं काम केमिक्सर नावाचा भाग करत असे. तो सिस्टिमच्या गाभ्यात चालायचा, सुमारे ३० मिलिसेकंदांचा उशीर घालायचा आणि त्यात बाहेरचा इफेक्ट बसवायला सामान्य माणसाला दार नव्हतं. तेव्हा लोकांनी वळसा काढला. युजीन मुझीचेंकोंच्या व्हर्च्युअल ऑडिओ केबलने खोटं साउंड कार्ड ही कल्पना रुजवली. या कार्डाला स्पीकर नसतो. त्यात एका टोकाने वाजवलेला आवाज दुसऱ्या टोकाला माइकसारखा मिळतो. ब्राउझरचा आवाज खोट्या कार्डावर सोडायचा, प्लगइन होस्टने तो तिथून उचलायचा, घडवायचा आणि खऱ्या कार्डावर वाजवायचा. पुढे आलेली व्हीबी-केबल आणि तिच्याभोवती उभं राहिलेलं व्हॉइसमीटर हे मिक्सर याच वाटेवरचे.

या वळशात एक गोम आहे. खोट्या कार्डाचं घड्याळ आणि खऱ्या कार्डातल्या स्फटिकाचं घड्याळ तंतोतंत जुळत नाहीत. समजा दोघांत दहा लाखांत ५० इतकाच फरक आहे. ४८,००० सॅम्पल दराला तो सेकंदाला २.४ सॅम्पल होतो. मध्ये ५१२ सॅम्पलचा साठा असेल तर तो साधारण साडेतीन मिनिटांत संपतो किंवा ओसंडतो आणि एक कट्‌ ऐकू येतो, मग पुन्हा तेवढ्याच वेळाने. ठरावीक अंतराने येणारा असा आवाज प्रोसेसरच्या भाराचा नसतो, घड्याळांचा असतो. प्लगइन बदलून तो जात नाही. दोन्ही घड्याळं जुळवत राहणारं, म्हणजे सॅम्पल दर किंचित कमी-जास्त करत राहणारं सॉफ्टवेअरच तिथे लागतं.

दुसरी नेहमीची चूक सॅम्पल दराची. साखळीतल्या एखाद्या दुव्याने ४४,१०० दराचा आवाज ४८,००० समजून वाजवला, तर वेग जवळजवळ नऊ टक्के वाढतो आणि सूर दीड सेमिटोनने चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी अधांतरी ऐकू आलं की आधी दर तपासावेत. खोटं कार्ड, खरं कार्ड आणि होस्ट या तिन्ही ठिकाणी दर एकच हवा.

विंडोज व्हिस्टात मायक्रोसॉफ्टने केमिक्सर काढून टाकलं. आवाजाचं यंत्र गाभ्यातून बाहेर आलं, मिसळण्याचं काम ३२ बिट दशांश संख्यांत होऊ लागलं आणि एपीओ नावाची अधिकृत जागा तयार झाली. कार्ड बनवणाऱ्यांनी आपले इफेक्ट तिथे लावावेत अशी योजना होती. काही इफेक्ट प्रत्येक प्रोग्रॅमच्या प्रवाहावर वेगळे, काही मिसळून झालेल्या आवाजावर. याच जागेत बसणारा इक्वलायझर एपीओ हा मुक्त प्रकल्प पुढच्या दशकात आला आणि खोट्या कार्डाचा वळसा न घेता सगळ्या संगणकाच्या आवाजावर इफेक्ट लावणं पहिल्यांदाच खरोखर सोपं झालं. त्याच्या सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात, फाइल जतन केली की बदल लगेच ऐकू येतो. पुढे त्यात व्हीएसटी प्लगइन घेण्याची सोयही आली.

इक्वलायझर एपीओ कुठे चुकतो हेही त्याच्या जागेमुळेच ठरतं. एएसआयओमधून किंवा वसापी या विंडोजच्या स्वतःच्या पद्धतीच्या एक्स्क्लुझिव्ह मोडमध्ये (कार्ड एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात देऊन) वाजणारा आवाज मिक्सरकडे येतच नाही, म्हणून त्यावर परिणाम शून्य. ड्रायव्हर अपडेट झाला की कधी कधी त्याच्या नोंदी पुसल्या जातात आणि इफेक्ट गुपचूप बंद पडतो. तेव्हा त्याचा कॉन्फिग्युरेटर पुन्हा चालवून डिव्हाइसवर खूण करावी आणि संगणक रीस्टार्ट करावा. व्हीएसटी प्लगइन इथे आपल्या खात्याखाली चालत नाही, विंडोजच्या सेवेच्या खात्याखाली चालतो. त्यामुळे ज्या प्लगइनची परवाना फाइल आपल्या फोल्डरमध्ये असते ती त्याला सापडत नाही. स्टुडिओ सॉफ्टवेअरमध्ये नीट चालणारा प्लगइन इथे मुका होतो तो अनेकदा यामुळे. आणि ६४ बिट विंडोजवर प्लगइनही ६४ बिटच लागतो.

इक्वलायझरमध्ये एखादी पट्टी ६ डेसिबल वाढवली, तर प्रीॲम्प, म्हणजे आवाजाची एकूण पातळी, उणे ६ डेसिबल करावा. हे टाळलं की आवाज शून्य डेसिबल या कमाल मर्यादेच्या वर जातो. विंडोजच्या शेवटच्या टप्प्यावर लिमिटर असतो, तो आवाज फाटू देत नाही पण दाबतो. बासच्या प्रत्येक ठोक्याला गाणं आत-बाहेर होतंय असं वाटलं, तर तो प्लगइनचा दोष नाही, प्रीॲम्प कमी न केल्याचा आहे.

मॅकची वाट वेगळी. २००२मध्ये आलेल्या ऑडिओ हायजॅक या सॉफ्टवेअरने एकेका प्रोग्रॅमचा आवाज पकडून त्यावर प्लगइन लावायची सोय केली. मॅकचे स्वतःचे ऑडिओ युनिट प्लगइनही त्याच सुमारास रुळले. सायकलिंग ’७४ या कंपनीने साउंडफ्लॉवर हे फुकट खोटं कार्ड दिलं, पण ते सिस्टिमच्या गाभ्यात बसणारं होतं आणि ॲपलने पुढे गाभ्यातल्या अशा भागांना दारं बंद केली. त्याची जागा गाभ्याबाहेर चालणाऱ्या ब्लॅकहोलने घेतली. ऐकणं आणि पाठवणं एकदम हवं असेल तर ऑडिओ मिडी सेटअपमध्ये मल्टी-आउटपुट डिव्हाइस करावं, खरं कार्ड मुख्य घड्याळ म्हणून निवडावं आणि ब्लॅकहोलसमोर ड्रिफ्ट करेक्शनची खूण करावी. खूण विसरली की वर सांगितलेला घड्याळांचा कट्‌ इथेही येतो. या डिव्हाइसवर कीबोर्डची व्हॉल्यूमची बटणं चालत नाहीत, तो बिघाड नव्हे.

लिनक्सवर प्लगइन आणि वाट या दोन्हींचा विचार एकाच वेळी झाला आणि तो सर्वांत स्वच्छ झाला. २०००मध्ये रिचर्ड फर्स यांनी लॅडस्पा ही प्लगइनची पद्धत मांडली. सगळं एका हेडर फाइलमध्ये, स्वतःची खिडकी नाही, फक्त आवाजाची आणि नियंत्रणाची टोकं. पाठोपाठ पॉल डेव्हिस यांचं जॅक आलं. कुठल्याही प्रोग्रॅमचं टोक कुठल्याही प्रोग्रॅमला जोडायचं आणि सगळ्यांनी एकाच घड्याळावर चालायचं. स्टुडिओतली पॅच बे, म्हणजे तारा हव्या तशा जोडायची फळी, संगणकात आली ती इथे. पण घरगुती वापराचे प्रोग्रॅम पल्सऑडिओ या वेगळ्या ऑडिओ सेवेवर राहिले आणि दोघांचं जमवणं ही कायमची खटपट झाली. विम टायमन्स यांच्या पाइपवायरने दोन्ही बाजू एका छपराखाली आणल्या. २०२१मध्ये फेडोरा ३४ या लिनक्स आवृत्तीने ते मूळ ऑडिओ सेवा म्हणून घेतलं. इझीइफेक्ट्ससारखे प्रोग्रॅम त्याच्या आधाराने माइक आणि स्पीकर दोन्हींवर प्लगइनच्या साखळ्या लावतात.

प्लगइनच्या पद्धतींतही पडझड झाली. व्हीएसटी ३ २००८मध्ये आलं, पण लोक दोनलाच धरून राहिले. २०१८मध्ये स्टाइनबर्गने व्हीएसटी २चे नवे परवाने देणं थांबवलं. त्यामुळे फक्त जुनी पद्धत जाणणारे होस्ट आणि फक्त नवी पद्धत देणारे प्लगइन यांची गाठ पडेना. प्लगइन यादीत दिसतच नाही अशी तक्रार असेल, तर फाइल कुठल्या पद्धतीची आहे ते पाहावं. २०२२मध्ये बिटविग आणि यू-हे या कंपन्यांनी आणलेली क्लॅप ही पद्धत मुक्त परवान्याची आहे ती याच अनुभवातून.

माइकच्या बाजूला मोठा बदल २०१७च्या आरएनएनॉइझने केला. जाँ-मार्क व्हॅलँ यांचं हे काम ४८,००० दराने, १० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत, छोट्या न्यूरल नेटवर्कने बोलणं आणि गोंगाट वेगळे करतं. ते प्लगइनच्या रूपातही मिळतं आणि टाळेबंदीत घरून काम सुरू झालं तेव्हा हाताशी होतं. पण त्याच काळात ऑनलाइन शिकवणाऱ्या गायकांना उलटा अनुभव आला. असे फिल्टर बोलणं ओळखायला शिकलेले असतात. तानपुऱ्याचा अखंड स्वर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ते तो पुसतात, लांबवलेल्या ‘आ’काराचाही शेवट खातात. संगीताच्या वर्गासाठी मीटिंगच्या प्रोग्रॅममधलं गोंगाट काढणं बंद करून मूळ आवाज पाठवण्याचा पर्याय निवडावा, आणि आपल्या साखळीत ८० हर्ट्झखालचा भाग कापणारा फिल्टर व ३:१ प्रमाणाचा सौम्य कम्प्रेसर एवढंच ठेवावं. खर्जात गाणाऱ्या पुरुष आवाजासाठी तो फिल्टरही ५०-६० हर्ट्झवर आणावा.

साखळी बांधताना आधी एकही प्लगइन न लावता आवाज एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत न्यावा आणि दहा मिनिटं चालू ठेवावा, म्हणजे घड्याळांचा दोष असेल तर तेवढ्यात उघडा पडतो. मीटिंगच्या प्रोग्रॅममध्ये माइक म्हणून खोटं कार्ड निवडावं आणि स्पीकर म्हणून खरं. दोन्हीकडे खोटं निवडलं तर समोरच्याला स्वतःचंच बोलणं परत जातं. ब्लूटूथ हेडसेटचा माइक चालू केल्याबरोबर ऐकू येणारा आवाज टेलिफोनसारखा बारीक झाला, तर हेडसेट बोलण्याच्या प्रोफाइलवर गेलेला असतो. तिथे इक्वलायझर फिरवत बसू नये, तारेचा किंवा यूएसबीचा माइक लावावा.