विक्रेता-बंधन (घरगुती नॅस)

घरगुती नेटवर्क साठवण-उपकरण, म्हणजेच नॅस, वापरणाऱ्याला आपली माहिती दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर हलवायची झाली, की मोठा खर्च किंवा खटाटोप करावा लागतो आणि कधी माहितीचा काही भागही गमवावा लागतो. या अडकलेपणाला विक्रेता-बंधन म्हणतात. ‘लॉक-इन’ हा शब्द रोजच्या बोलण्यात अधिक रुळला आहे.

नॅस ही राउटरला केबलने जोडलेली, बहुधा दोन किंवा चार हार्ड डिस्क बसणारी पेटी असते. ठाण्यातील नौपाड्यात काय किंवा नवी मुंबईतील खारघरमध्ये काय, ती टीव्हीखालच्या कपाटात बसते आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमधील छायाचित्रे तिच्यात उतरत राहतात. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यातील डेटा सेंटरांच्या शेजारी राहणारे लोकही नॅस घेतात, ते क्लाउड साठवणीचे दरमहाचे भाडे टळावे आणि आपली माहिती आपल्याच घरात राहावी म्हणून. ज्या स्वातंत्र्यासाठी पैसे मोजले तेच आखडत असल्याने हे बंधन विशेष जाचते.

त्याची मुळे सर्वांत खोल जातात ती डिस्कवर माहिती कशी मांडलेली असते त्यात. पेटीचा मदरबोर्ड जळाला, पण डिस्क धडधाकट आहेत, असे पुष्कळदा घडते. अशी डिस्क काढून डॉकमध्ये, म्हणजे सुटी डिस्क संगणकाला जोडणाऱ्या साधनात, घालून लॅपटॉपला जोडली, की विंडोजला त्यावरील मांडणी ओळखता येत नाही आणि कधी ती डिस्क फॉरमॅट करण्याचीच सूचना पुढे करते. घाबरलेल्या माणसाने तिथे होकार दिला, तर शाबूत असलेली माहितीही धोक्यात येते. सिनॉलॉजी या नॅस बनवणाऱ्या कंपनीची ‘हायब्रिड रेड’ पद्धत (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून माहिती ठेवण्याची रीत) लिनक्समधील नेहमीच्या साधनांवर उभी असल्याने तिच्या डिस्क साध्या लिनक्स संगणकावर वाचता येतात. क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीच्या क्यूटीएस प्रणालीत मात्र त्याच साधनांत फेरफार केलेले असल्याने तसे करणे बरेच अवघड जाते. ड्रोबो या नॅसची ‘बियाँडरेड’ पद्धत तर पूर्णतः स्वतःची होती. ड्रोबोच्या मालक कंपनीने २०२२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, २०२३ मध्ये ती अवसायनात गेली आणि जुनी पेटी बिघडलेल्या ग्राहकांना तशीच दुसरी जुनी पेटी शोधत फिरावे लागले.

दुसरे बंधन ॲपचे, आणि ते लक्षात येते उशिरा. ठाण्यातील राम मारुती रस्त्यावरच्या दिवाळी पहाटेची पाच वर्षांची छायाचित्रे कंपनीच्या फोटो ॲपमध्ये लावली, आजीचा चेहरा ओळखवून तिचे नाव दिले, निवडक छायाचित्रांचा अल्बम केला, तरी मूळ फाइलींना त्याचा बहुधा पत्ता नसतो. नावे आणि अल्बम ॲपच्या स्वतंत्र डेटाबेसमध्ये राहतात. नव्या पेटीत फाइली जशाच्या तशा येतात, पण त्यांतली आजी पुन्हा अनोळखी होते. प्रस्तुत लेखकाच्या मते घरगुती वापरात खरे नुकसान हेच आहे, कारण डिस्क बाजारात पुन्हा मिळते, पण जुन्या फोटोतली माणसे ओळखणारे माणूस पुन्हा मिळेलच असे नाही.

डिस्कच्या निवडीवरही बंधन येते. सिनॉलॉजीने एप्रिल २०२५ मध्ये त्या वर्षीच्या प्लस मालिकेतील नॅससाठी स्वतःच्या किंवा स्वतः प्रमाणित केलेल्या डिस्कची अट जाहीर केली. ग्राहकांच्या तीव्र नाराजीनंतर ऑक्टोबरमध्ये, आपल्या नॅस-प्रणालीच्या डीएसएम ७.३ या आवृत्तीबरोबर, ती बव्हंशी मागे घेतली. कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेले लॉगिन हाही अडकण्याचाच प्रकार आहे: मार्च २०२३ मध्ये वेस्टर्न डिजिटल या डिस्क आणि नॅस बनवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्यावर एप्रिलमध्ये तिची माय क्लाउड सेवा सुमारे दहा दिवस बंद होती आणि स्वतःच्या घरात असलेल्या फाइली अनेकांना उघडता आल्या नाहीत.

ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट या मुक्त प्रणाली साध्या संगणकावर बसवता येतात. पेटी बदलली तरी डिस्क त्याच प्रणालीच्या दुसऱ्या संगणकात चालतात, मात्र देखभाल स्वतः करावी लागते. तयार पेटीच घ्यायची असेल, तर फाइलींची एक प्रत यूएसबी डिस्कवर, कंपनीच्या बॅकअप-स्वरूपात न ठेवता साध्या फोल्डरांच्या रूपात ठेवावी, आणि ती दुसऱ्याच एखाद्या लॅपटॉपवर उघडून पाहावी.