सीट, चेन आणि खारी हवा

मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये जिन्याखाली नाहीतर मीटर बॉक्सच्या शेजारी एखादी तरी सायकल धूळ खात उभी असते. टायर बसलेले, चेन गंजून तांबडी झालेली. घेताना घरात उत्साह असतो. महिन्या-दोन महिन्यांत मांड्या भरून यायला लागतात, गुडघा कुरकुरतो, आणि मग ठरतं की आता वय झालं, पूर्वीसारखा स्टॅमिना राहिला नाही. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण बऱ्याचदा त्या माणसाच्या दमात काही खोट नसते. सीट दोन इंच खाली असते, टायरमध्ये निम्मीच हवा असते आणि चेन कोरडी पडलेली असते. या तिन्ही गोष्टींमागचं विज्ञान एकदा समजलं की त्या घरच्या घरी दुरुस्त करता येतात आणि तीच सायकल, तेच पाय वेगळेच वाटू लागतात.

सुरुवात सीटपासून करू. आपल्याकडे सीट खाली ठेवतात ती भीतीपोटी. एलबीएस रोडवर बाजूने बेस्टची बस जात असताना दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकावेत, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकत असतील, तर पेडल सगळ्यात खाली गेल्यावरही गुडघा बराच वाकलेला राहतो. वाकलेल्या गुडघ्याने जोर लावला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. उकिडवं बसून उठताना जो ताण येतो तोच हा ताण, फक्त इथे तो मिनिटाला साठ वेळा येतो. शिवाय मांडीचा स्नायू त्याच्या सोयीच्या लांबीत कामच करत नाही, म्हणून तो लवकर भरून येतो.

योग्य उंची शोधायची सोपी रीत अशी. भिंतीला धरून सीटवर बसा, चप्पल-बूट जे घालून चालवणार ते घाला, आणि टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्या. त्या वेळी पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना टाचेऐवजी चवड्याने पेडल मारलं की गुडघ्यात आपोआप हलकी वाक राहते, साधारण २५ ते ३५ अंशांची. आकडा हवा असेल तर भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर दाबून धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा. त्याला ०.८८३ ने गुणलं की दोन्ही पेडलं ज्याच्याभोवती फिरतात त्या मधल्या ॲक्सलपासून (आसापासून) सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर मिळतं. मोजमाप ७८ सेंमी आलं, तर सीट साधारण ६९ सेंमीवर. हा आकडा सुरुवातीपुरता धरायचा. गुडघा पुढच्या बाजूने दुखत असेल तर सीट अजून खाली आहे. मागच्या बाजूने ओढ बसत असेल किंवा चालवताना कंबर डावी-उजवीकडे डोलत असेल तर ती जास्त वर गेली आहे. एकदम दोन इंच न चढवता आठवड्याला अर्धा इंच वर घ्या. आणि सीटच्या दांड्यावर खूण असते, ती खूण फ्रेमच्या बाहेर दिसू द्यायची नाही.

मग सिग्नलला पाय कसा टेकायचा? सीटवरून पुढे उतरून. ब्रेक लावत एक पाय खालच्या पेडलवर उभा ठेवायचा, सीट सोडून पुढच्या दांड्यापाशी यायचं आणि दुसरा पाय जमिनीवर. निघताना उलटं: एक पेडल वर आणून त्याच्यावर भार टाकत सीटवर बसायचं. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या गल्लीत किंवा बीकेसीतल्या रिकाम्या रस्त्यावर ही सवय करून घ्या. माझ्या मते शहरात आरामात सायकल चालवायची तर पहिली शिकायची गोष्ट हीच आहे, कारण हे जमेपर्यंत कोणी सीट वर घ्यायला धजत नाही.

बसण्याबद्दल थोडं. सायकलवर आपण बैठकीच्या दोन हाडांवर बसतो. सीट फार मऊ असली तर ती हाडं आत रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन दाबला जातो. म्हणून जाड जेलचं कव्हर दहा मिनिटं छान वाटतं आणि तासाभराने मुंग्या आणतं. करंगळीला मुंग्या येत असतील तर हँडलवर भार जास्त पडतो आहे आणि तळहाताच्या कडेने जाणारी नस दबते आहे. कोपर किंचित वाकलेले ठेवा. तरीही हातांवर भार येत असेल तर हँडल वर घ्या किंवा सीटचं खाली झुकलेलं टोक सपाट करा.

आता हवा. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये राहणाऱ्या जॉन बॉइड डनलप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला. त्याआधी चाकांवर भरीव रबर असे. हवेच्या टायरचं गणित सरळ आहे: आतल्या हवेचा दाब गुणिले जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ म्हणजे जवळपास चाकावरचं वजन. माणूस ७० किलोचा आणि सायकल १५ किलोची धरली, तर मागच्या चाकावर पन्नासेक किलो येतात. टायरमध्ये ५० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलो दाब असेल, तर रस्त्याला टेकणारा तुकडा साडेचौदा चौरस सेंटिमीटरचा, काडेपेटीहून जरा लहानच. दाब निम्मा झाला की तुकडा दुप्पट. चाक फिरताना हा तुकडा सतत चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. रबर दर वेळी थोडी ऊर्जा उष्णतेत घालवतं आणि ती ऊर्जा तुमच्या पायांतून जाते. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून शेजारी-शेजारी दोन भोकंही पडतात.

याचा अर्थ दगडासारखा टायर करावा असा नाही. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर फार कडक टायर प्रत्येक फटीवर उसळतो, आणि उसळण्यात गेलेली शक्तीही तुमचीच असते. टायरच्या कडेला दाबाच्या मर्यादा छापलेल्या असतात. आपल्या रस्त्यांसाठी मी त्यांच्या मधोमध राहते. अंगठ्याने दाबून अंदाज येत नाही, त्यासाठी काटा असलेला उभा पंप घ्यावा. रबरातून हवा रोज थोडी झिरपतेच, त्यामुळे पंक्चर नसतानाही आठवड्याला एकदा हवा भरावी लागते.

चेनबद्दल मात्र मुंबईकरांना वेगळं सांगायला हवं, कारण इथली हवा वेगळी आहे.

चेन जवळून पाहा. प्रत्येक सांध्यात एक पिन, तिच्याभोवती फिरणारा एक छोटा रोलर, दोन्ही बाजूंना पट्ट्या. एका पिनपासून पुढच्या पिनचं अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. साध्या सायकलच्या चेनमध्ये असे शंभराच्या वर सांधे असतात आणि प्रत्येक सांधा दातेरी चाकाच्या दात्यावर चढताना वाकतो, उतरताना सरळ होतो. घर्षण होतं ते या वाकण्यात, पिनच्या पृष्ठभागावर, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी. स्वच्छ आणि तेल दिलेली चेन पायांची ९५ टक्क्यांहून जास्त शक्ती मागच्या चाकाला पोचवते. प्रयोगशाळेत हा आकडा ९८ च्या पुढे गेलेला आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कल्पनेवर चालणाऱ्या यंत्राने हे साधावं याचं मला अजून अप्रूप वाटतं.

या सांध्यांत मुंबईत मीठ शिरतं. समुद्रावरून येणाऱ्या हवेत खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. मरीन ड्राइव्ह, वरळी सी फेस किंवा कार्टर रोडवरून फेरी मारून आलात की ते सायकलवर बसतात. पाणी उडून जातं, मीठ राहतं. साध्या मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर याहून पुष्कळ कमी आर्द्रतेत ओलं होतं. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता बहुतेक वेळ ७५ च्या वरच असते, उन्हाळ्यातल्या पहाटेही कित्येकदा तिथवर जाते. म्हणजे सायकल पार्किंगमध्ये छपराखाली, एक थेंब पाऊस न लागता उभी असली, तरी तिच्या चेनवर मिठाच्या पाण्याचा पातळ थर असतो. त्या थरातून विद्युतभार सहज वाहतो आणि लोखंडाचा गंज वेगाने चढतो.

इथे एक चूक सर्रास होते. गंज दिसला की लोक त्याच्यावर तेल ओततात किंवा चेन रॉकेल-डिझेलने धुतात. मीठ तेलात विरघळत नाही आणि डिझेलमध्येही नाही. ते विरघळतं फक्त पाण्यात. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी ग्रीस आणि काळा चिखल काढण्यासाठी डिझेल किंवा भांडी घासायचं लिक्विड आणि जुना टूथब्रश. मग भरपूर गोडं पाणी, नळाचं चालतं, पण जोराचा फवारा छर्ऱ्यांच्या जागी, म्हणजे चाकाच्या आणि पेडलच्या ॲक्सलवर मारायचा नाही. मग फडक्याने पुसून चेन पूर्ण वाळू द्यायची. घाई असेल तर पंख्याखाली. त्यानंतरच तेल, प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, पेडल हळूहळू उलटं फिरवत. पाच-दहा मिनिटं तेल आत उतरू द्या आणि बाहेरचं सगळं कोरड्या फडक्याने पुसून टाका. बाहेर राहिलेल्या तेलाचा उपयोग काही नाही; त्याला बांधकामाची आणि मेट्रोच्या कामाची धूळ चिकटते आणि तेल-धुळीची ती लेप पॉलिश पेपरसारखी पिना घासत बसते.

तेल कोणतं? सायकलच्या चेनचं मिळालं तर उत्तम, नाहीतर शिलाई मशीनचंही चालतं, फक्त पावसात ते लवकर धुऊन जातं. स्वयंपाकाचं तेल वापरू नका, हवेतल्या ऑक्सिजनने ते चिकट होतं. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा पुष्कळ घरांत असतो. ते १९५३ मध्ये अमेरिकेत धातूवरून पाणी हटवण्यासाठी तयार झालं आणि त्या कामाला ते फार चांगलं आहे: भिजलेली चेन वाळवायला वापरा. त्याचा थर फार पातळ असल्याने त्यावर खरं तेल द्यावंच लागतं.

चेन 'लांबते' म्हणतात तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं. पिना झिजलेल्या असतात. प्रत्येक सांध्यात दशांश मिलिमीटर झीज झाली, तरी शंभर सांध्यांची मिळून एक सेंटिमीटर होते. मग चेन दात्यांवर नीट बसत नाही आणि दातेही खाते. तपासायला शाळेची ३० सेंमीची स्टीलची पट्टी पुरते. नव्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून पुढे वीस सांधे मोजले तर बरोबर २५.४ सेंमी भरतात. तेच अंतर २५.६ झालं की चेन बदला. नवी चेन फ्रीव्हील आणि चेनव्हील, म्हणजे मागच्या आणि पुढच्या दातेरी चाकांपेक्षा स्वस्त पडते.

हेच खारं पाणी आणखी एका ठिकाणी त्रास देतं. फ्रेम लोखंडाची आणि सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा असेल, तर दोन वेगळे धातू आणि मध्ये मिठाचं पाणी यांचा मिळून एक विद्युतघट तयार होतो. ॲल्युमिनियम झिजून त्याचा पांढरा थर फुगतो आणि दांडा फ्रेममध्ये असा अडकतो की सीट वर-खाली करणंच अशक्य होतं. मे महिन्यात दांडा बाहेर काढून पुसा आणि ग्रीस लावून परत बसवा. दोन मिनिटांचं काम आहे.

पावसाळ्यात ब्रेककडे लक्ष हवं. रिमवर रबर दाबणारा ब्रेक ओला झाला की घर्षण खूप घटतं, आणि चकचकीत क्रोम चढवलेल्या स्टीलच्या रिमवर तर फारच. म्हणून उतार यायच्या आधी, गरज नसताना ब्रेक हलकेच लावून दोन-चार फेऱ्या रिम पुसून घ्यायची. पुढच्या ब्रेकला आपण उगीच घाबरतो. थांबताना भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर पुढचा ब्रेक मागच्याच्या जवळजवळ दुप्पट जोराने थांबवू शकतो. बोटांनी हळूहळू दाब वाढवत, अंग जरा मागे घेत, दोन्ही वापरा. ओल्या गटाराच्या झाकणावर, पांढऱ्या पट्ट्यांवर आणि वळणात मात्र पुढचा जोरात दाबू नका.

आणि घाम. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतली जेमतेम पाव ऊर्जा पेडलला देतात. पेडलवर ७५ वॅट लावायचे तर अंगात अडीचशे वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. ती घाम उडूनच जाते, आणि दमट हवेत घाम उडत नाही, नुसता ओघळतो. सायकल चालू असते तोवर समोरचा वारा मदत करतो, सिग्नलला थांबलं की तो बंद होतो आणि सगळा घाम एकदम जाणवतो. पाठीवरची सॅक घाम उडण्याची अंगाची सगळ्यात मोठी जागा झाकते, म्हणून ती कॅरिअरवर बांधा. चढावर, समजा केम्प्स कॉर्नरच्या फ्लायओव्हरवर, गिअर आधीच हलका करून पाय मिनिटाला साठ-सत्तर फेऱ्यांनी फिरत ठेवा. ऑफिसच्या आधीची शेवटची पाच मिनिटं मुद्दाम सावकाश चालवा, म्हणजे अंग तोवर निवतं.

स्पोक आवळून रिमचा आउट, म्हणजे डगमग, काढणं आणि ॲक्सलचे छर्रे बदलणं सुरुवातीला दुकानात करून घ्यावं, पण सायकल टाकून निघून न जाता शेजारी उभं राहून पाहावं. चांगला सायकलवाला चाक उचलून फिरवतो आणि बोटाने एकेक स्पोक छेडून आवाज ऐकतो. सैल स्पोक खालच्या सुरात वाजतो, कारण ताण कमी की कंपनं कमी. घरी पेडल बदलायचं असेल तर एवढं माहीत हवं की डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, चालवताना ते आपोआप सैल होऊ नये म्हणून. पाना वरच्या दिशेने उभा लावा आणि मागच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंची पेडलं त्याच दिशेने सुटतात. परत बसवताना आट्यांना ग्रीस लावायला विसरू नका.