हललेले छायाचित्र आणि फोकस चुकलेले छायाचित्र

‘फोटो शार्प येत नाही’ ही तक्रार हौशी छायाचित्रकाराच्या तोंडून निघाली, की पाठोपाठ ‘आता चांगली लेन्स घ्यायला हवी’ हे वाक्यही येतेच. धूसर छायाचित्रामागे मात्र बहुतेक वेळा दोन वेगवेगळ्या चुकांपैकी एक असते, आणि एकीवरचा उपाय दुसरीला खतपाणी घालू शकतो. पहिलीत शटर उघडे असताना कॅमेरा किंवा समोरचा माणूस हललेला असतो. दुसरीत काहीच हललेले नसते. फक्त फोकस भलत्याच अंतरावर बसलेला असतो.

कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर दोन्ही चुका सारख्याच दिसतात, म्हणून छायाचित्र संगणकावर शंभर टक्के मोठे करून पाहावे. पुण्यातल्या पाताळेश्वराच्या अंधाऱ्या लेण्यात खांबाशेजारी उभ्या असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र घेतले आहे असे समजू. खांबाच्या दगडाचा खरखरीतपणा स्वच्छ दिसत असेल आणि चेहरा मात्र सगळीकडून सारखाच मऊ पडला असेल, तर फोकस चेहऱ्याऐवजी खांबावर बसला. खांब, चेहरा, जमीन या सर्वांच्या कडा एकाच दिशेने ओढल्यासारख्या किंवा दुहेरी दिसत असतील, तर हात हलला. खांब स्वच्छ आणि चेहरा तेवढा फरफटलेला असेल, तर ती व्यक्तीच हलली. प्रकाशाचे बिंदू तर याहूनही स्पष्ट साक्ष देतात. दिवाळी पाडव्याच्या पहाटे सारसबागेत लावलेल्या पणत्यांच्या ज्योती फोकस चुकल्यास गोल चकत्यांसारख्या पसरतात आणि हात हलल्यास त्यांच्या छोट्या वेड्यावाकड्या रेघा होतात.

हात हलण्याविरुद्धचा जुना ठोकताळा असा, की शटरचा वेळ निदान ‘एक भागिले फोकल लेंग्थ’ (लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेला आकडा) इतका कमी असावा. ५० मिलिमीटरच्या लेन्सला १/५० सेकंद पुरतो. एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यात दीडपट धरून १/८० घ्यावा, आणि २०० मिलिमीटरला सुमारे १/३२०. लेन्समधील किंवा बॉडीमधील (कॅमेऱ्यातील) स्टॅबिलायझेशनमुळे, म्हणजे थरथर भरून काढणाऱ्या यंत्रणेमुळे, यात बरीच सवलत मिळते, पण ती केवळ आपल्या हाताच्या थरथरीपुरती असते. विसर्जन मिरवणुकीत ढोलावर पडणारे टिपरू कोणतेही स्टॅबिलायझेशन थांबवू शकत नाही. त्यासाठी १/५०० किंवा त्याहून वेगवान शटरच लागते. (लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या गर्दीत ट्रायपॉड उभा करण्याचे स्वप्न पाहणाऱ्याच्या आशावादाला मात्र दाद द्यायला हवी.) वादकाचा चेहरा स्थिर आणि टिपरू धूसर असे छायाचित्र १/६० च्या आसपास मुद्दाम काढता येते, आणि ते अनेकदा जास्त बोलके असते. हलणे हा प्रत्येक वेळी दोष नसतो, हेही लक्षात घ्यावे.

फोकस चुकण्याचे गणित वेगळे आहे. एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ वर (म्हणजे प्रकाश आत घेणारे छिद्र, अॅपर्चर, बरेच उघडे; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) ठेवून एक मीटर अंतरावरचा चेहरा टिपला, तर स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम ३ सेंटिमीटर खोल असतो. डोळ्यावर फोकस धरताना नाकाचे टोक धूसर होऊ शकते, आणि फोकस धरून आपण किंचित पुढे झुकलो तर डोळाही हातचा जातो. शटर १/१००० केले तरी हा दोष जात नाही. त्यासाठी फोकस बिंदू स्वतः निवडून डोळ्यावर ठेवणे, हलत्या विषयासाठी सतत फोकस घेणारा मोड वापरणे किंवा अॅपर्चर लहान करणे हे मार्ग आहेत.

खरेदीचा घोटाळा नेमका इथे होतो. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी) ५० मिलिमीटरच्या आसपास साधारण एफ ५.६ पर्यंतच उघडते. संध्याकाळी तुळशीबागेत तिने १/१५ सेकंदाला काढलेली छायाचित्रे हलतात, म्हणून एफ १.८ ची लेन्स घेतली जाते. तिच्यातून जवळपास दहापट प्रकाश येतो, शटर १/१५० पर्यंत जाते आणि हलणे थांबते. मात्र एक मीटरवर जो स्वच्छ पट्टा ९ सेंटिमीटरचा होता, तो ३ वर येतो. छायाचित्रे पुन्हा धूसर येतात, पण आता निराळ्या कारणाने, आणि कारण न ओळखता यादीत पुढची महागडी लेन्स लिहिली जाते. याउलट किट लेन्सवरच आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० वरून ३२०० केला असता, तर शटर १/१२५ झाले असते आणि पट्टाही तेवढाच राहिला असता. त्यामुळे छायाचित्रात दाणेदार खडबडीतपणा दिसतो, हे खरे. परंतु दाणे नंतर बरेचसे कमी करता येतात, फरफटलेला चेहरा फारसा सावरता येत नाही.

लेन्स किंवा बॉडी खरोखरच दोषी असण्याची शक्यता उरतेच, आणि ती घरी तपासता येते. कॅमेरा ट्रायपॉडवर लावावा, स्टॅबिलायझेशन बंद करावे, अॅपर्चर पूर्ण उघडावे आणि तिरकी ठेवलेली मोजपट्टी मधल्या आकड्यावर फोकस धरून टायमरने अनेकदा टिपावी. डीएसएलआरवर (आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) व्ह्यूफाइंडरमधून फोकस घेताना दर वेळी मागचाच किंवा पुढचाच आकडा स्वच्छ येत असेल, पण लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या पडद्यावर पाहून) मधला बरोबर येत असेल, तर दोष काचेचा नसून फोकस मोजणाऱ्या यंत्रणेचा आहे. काही बॉडींच्या मेनूतच तो दुरुस्त करण्याची सोय असते. नसल्यास बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र सर्व्हिस सेंटरला द्याव्यात.